खंय उलथलंस?

मालाडला कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी कॅमेरावाली श्वेता, लवूकाका आणि त्यांचा म्हातारा कुत्रा.

"काका, कान पाडलेला फोटो टाकला तर ह्याला कोणी घरी नेणार नाही. बिस्कीट दाखवा ना."

"बिस्किटाला भुलत नाय तो."

"मग कशाला भुलतो?"

"आमची कुंदा जिन्यातून ओरडायची. ती गेली, मी लेकाकडे चाललो. तिथं कुत्रा चालत नाय."

"काय ओरडायच्या काकू?"

"शिवीच ती. चारचौघांत कशी देऊ?"

"द्या हो, फोटोसाठी."

"मेल्या, खंय उलथलंस?"

"बघा, 'कुठे उलथलास' म्हणताच कान उभे. पण दाराकडे काय बघतोय? इकडे बघायला सांगा ना त्याला."

"राहू दे गं. मी पण तिकडेच बघतोय."