शालनचं पान आणि माझी अर्धी वाटी

सांगणारी: उज्ज्वला, मासे विकणारी, मालवणजवळची

एका बाईनं किती जेवायचं हे कोणी ठरवायचं, तुम्हीच सांगा? तिनं, की तिला वाढणाऱ्यांनी? आधी उत्तर द्या आणि मग माझं ऐका, कारण सगळेच म्हणतात तिनंच, अर्थात तिनंच, आणि घरी गेले की पुन्हा वाढायचा डाव हातात घेतात.

तुम्ही लिहून घेताय म्हणून मी जरा पुस्तकातलं बोलते, बँकेत बोलते तसं. राग आला की मालवणी येईल, ती तशीच ठेवा, पुसू नका.

माझं माहेर देवगडकडचं. बापाची होडी होती, घरात आम्ही तीन बहिणी, दोन भाऊ, आणि जेवणाचा नियम एकच, बाप जेवणार, भाऊ जेवणार, मग राहिलं तर आम्ही. कालवणात मीठ कमी पडलं की बाप ताट उचलून आईच्या अंगावर फेकायचा, गरम कालवणासकट. आईच्या मानेवर डाग होता, सोलकढीच्या रंगाचा, मी लहानपणी समजायची सगळ्या आयांना असतो. ताट अंगणात पडलं की आम्ही बहिणी शितं वेचून खायचो, खोटं नाही सांगत, माती झटकायची आणि खायची. त्यामुळं काय झालं, समोर आलेलं संपवायचं हे अंगात भिनलं. कोण कधी उचलून फेकील सांगता येत नाही, म्हणून आधी गिळून टाकायचं.

लग्न झालं ते दिगंबरशी. नाव घेते मी त्याचं, पूर्वी घेत नव्हते. बिजवर होता. पहिली बायको शालन विहिरीवर पाय घसरून पडली, कठड्याचा दगड डोक्याला लागला आणि गेली, असं आम्हाला सांगितलेलं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्यानं माझ्यावर हात उगारला, कशावरून ते आठवतही नाही, बांगडा करपला असेल. आता काय सांगू तुम्हाला, तेव्हाच मी ऐंशी किलोची, तो सुक्या बोंबलासारखा. मी त्याचं मनगट धरलं, पिरगाळलं, त्याला खाली पाडला आणि त्याच्यावर बसले. खरंच बसले हो. तो खालून ओरडतोय, ऊठ गो ऊठ, श्वास जाता माझो, आणि सासू दारात उभी राहून बघतेय. त्यानंतर अठरा वर्षं त्याचा हात वर गेला नाही.

सासूनं त्या दिवसापासून मला खायला घालायचा ध्यासच घेतला. खा गो खा, बायलमाणसाक वजन होया. सकाळी पेज, पेजेवर खोबरं, मग घावणे, दुपारी भाताचा डोंगर, आणि पान टाकून उठायची सोय नाही, कारण तिच्या मते ते पान माझं एकटीचं नव्हतं. आमच्याकडं पितृपक्षात अविधवा नवमी असते ना, नवरा जिवंत असताना जी बाई गेली तिच्या नावानं सवाष्ण जेवायला घालतात. इतर घरांत बाहेरची सवाष्ण बोलावतात. आमच्या घरात सासूचा हुकूम, शालनच्या नावानं तिची सवतच जेवणार, आणि पानावर शीत उरता कामा नये, उरलं तर शालन वर उपाशी. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, अळू, भोपळा, खीर, भात, सगळं. अठरा नवम्या मी ते पान साफ केलं. मेलेल्या बाईची भूक मी भागवली, म्हणा ना.

एकशे अठ्ठावीस किलो झाले. बाजारात मला होडी म्हणायचे. उजा होडी इली, सरका. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट माझ्या जागेवर पाटी ठेवायची कोणाची छाती नव्हती. एका दलालानं एकदा मला ढकललं तर मी बांगड्यांची अख्खी पाटी त्याच्या डोक्यावर उपडी केली, बर्फासकट. मग साखर लागली, पायाची जखम भरेना, गुडघे गेले, बाजारात खाली बसले की उठवायला दोन बाया लागायच्या. डॉक्टर म्हणाले पाय तरी जाईल नाहीतर तू. माझ्या पाटल्या मोडल्या आणि गोव्यात जाऊन पोटाचं ऑपरेशन केलं, पोट लहान करून आतड्याचा रस्ता बदलतात ते. दिगंबर म्हणाला, खाणां कमी करूक ऑपरेशन लागता? तोंडार मारून घी.

तिथल्या आहारवाल्या बाईंनी नियम दिले. जेवण अर्धी वाटी. आधी मासा किंवा अंडं, मग भाजी, जागा उरली तर दोन घास भात. घास चावायचा तो पार पेज होईस्तोवर. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं घोट घोट. साखर नाही, तळलेलं नाही, गोळ्या जन्मभर. आणि छातीखाली दाटल्यासारखं झालं की थांबायचं, ताटात काहीही उरो. हे शेवटचं माझ्यासाठी सगळ्यात अवघड, कारण मला थांबायचं कोणी शिकवलंच नव्हतं.

मी देवमाणूस नाही हो, मी पण चुकले. तिसऱ्या महिन्यात पिंगुळीला नात्यातल्या लग्नाला गेले, तिथं खापरोळ्या, नारळाच्या गोड रसात बुडवलेल्या. म्हटलं एक. एकीच्या झाल्या दोन. पंधरा मिनिटांत घाम फुटला, छाती ढोलासारखी वाजायला लागली, डोळ्यांपुढं काळोख, नवरीच्या खोलीत आडवी पडले आणि बाया म्हणतात, हिच्या अंगात इला, हिच्या अंगात इला. अंगात कोण येणार, साखर आली होती. पण तो मार माझा मी ओढवून घेतलेला. पुढचा मार वेगळा.

दहा महिन्यांत बावन्न किलो उतरले. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. एक दिवस मी भांडी घासत होते, दिगंबर मागून आला आणि त्यानं माझं मनगट पकडलं, अंगठा आणि बोट गोल फिरवून. म्हणाला, बघ, आता बोटाक बोट लागता. हसला. मला आधी वाटलं कौतुक करतोय. मग रोज करायला लागला, येता-जाता, मनगट मोजायचं आणि हसायचं. आठवड्यानं पहिली थोबाडीत बसली. ताटात मी सुरमईची अर्धी तुकडी ठेवली म्हणून. माझी कमाई टाकतंस? सुरमई मी विकते आणि म्हणे याची कमाई. मी त्याचं मनगट धरायला गेले तर माझ्या हातात जोरच नव्हता. तेव्हा कळलं, अठरा वर्षं त्याला माझी लाज नव्हती, दया नव्हती, भीती होती फक्त. माझ्या वजनाची.

मग आली नवमी. मी आदल्या दिवशीच सासूला सांगितलं, मांय, पान बाहेरच्या सवाष्णीला घाला, मला झेपायचं नाही. ती वाटाणे निवडत राहिली. नवमीला दुपारी बघते तर केळीचं पान माझ्याच पुढं. बसले. म्हटलं पाहू. दोन चमचे अळू, थोडं सांबार, वड्याचा कोपरा, आणि छातीखाली दाटलं. हात मागे घेतला. सासू रडायला लागली, अर्धो वडो तरी खा गो, शालन उपाशी रवतली. मी म्हटलं, नाही. दिगंबर उठला. माझ्या आवशीक रडवतंस? खातंस काय मी भरवू?

मानेवरून केस धरले. दुसऱ्या हातानं भात आणि खीर कालवली आणि माझ्या तोंडात कोंबायला लागला. मी दात मिटले तर त्यानं अंगठ्यानं जबडा उघडला. त्याचं नख हिरडीत शिरलं. वडा घशात अडकला, नाकातून खीर आली, श्वास कोंडला, आणि तो म्हणतोय, शालन, खा, शालन, खा. मला शालन म्हणाला. तेव्हा मी चावले. हाड लागेपर्यंत चावले. तो किंचाळला, पान उडालं, त्याची लाथ माझ्या पोटात बसली, मी भिंतीला जाऊन आदळले, आणि माझा हात दारामागं गेला. तिथं आडाळो होता, मासे कापायचा, लाकडावर उभं पातं असतं तो. मेल्या, पुढे ये, तुझो तळपट करतंय! हे मी ओरडले, आणि तसं करणार होते, लपवत नाही. मी रोज दोनशे माशांच्या माना उडवते. माझा हात चुकत नाही.

आणि दारावर थाप पडली.

शेजारची पारूकाकी. सत्तरीची, वाऱ्यानं उडेल अशी, हातात रिकामी वाटी. उजा, वाटीभर मीठ दी गो. दिगंबर म्हणाला, काकी, म्हाळाच्या दिवशी मीठ कोण मागता, मागसून ये. तर ती उंबऱ्यावर बसली. म्हणाली, मीठ घेतल्याशिवाय उठूचंय नाय. तिनं काय झालं विचारलं नाही. माझ्या तोंडाकडं बघितलं, हातातल्या आडाळ्याकडं बघितलं, आणि वाटी धरून बसून राहिली. मग पलीकडची एक आली, तिला सोलां, म्हणजे आमसुलं, हवी होती. तिसरीला कढीपत्ता. पाच बाया उंबऱ्यावर. दिगंबर मागच्या दारानं गेला. माझ्या हातातून आडाळो काकीनं काढून घेतला, मला वाटतं त्या दिवशी तिनं दोन जीव वाचवले, त्याचा, आणि माझ्या हातून गुन्हा होऊ न देऊन माझा.

मला उलट्या सुरू झाल्या, थांबेनात, शेवटी रक्त. ओकून ओकून आत चीर पडली, डॉक्टर म्हणाले. सावंतवाडीला कॉलेजात असलेली माझी लेक निकिता धावत आली. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सासू खाटेजवळ बसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, शालनचो पाय घसराक नाय गो. तेना ढकलल्यान. काडी होती ती, एका धक्क्यात गेली. मी बघलंय आणि गप रवलंय. म्हणान तुका खावक घातलंय. तुझा अंग वाढला काय तेचो हात थांबतलो, असा वाटला माका.

ऐकलंत? अठरा वर्षं ती मला भरवत नव्हती, ती माझ्याभोवती भिंत बांधत होती, माझ्याच मांसाची. पोरगा थांबवता येत नाही म्हणून सून फुगवायची. आणि ती भिंत मी डॉक्टरकडं जाऊन पाडली. पारूकाकी पण दवाखान्यात रडली, शालनचा आवाज तिनंही ऐकला होता, त्या दिवशी दार लावून बसली होती.

पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेले तर विचारलं, घरगुती आहे ना, मिटवून टाका. मी म्हटलं, साहेब, विहीर पण घरगुतीच होती. सासूनं जबाब दिला. स्वतःच्या पोराविरुद्ध अंगठा उमटवला. केस चालू आहे. तो जामिनावर सुटलाय, असतो एका ट्रॉलरवर, घरात यायचं नाही असा हुकूम आहे.

घरी आल्यावर मी उलट टोकाला गेले. घास बघितला की त्याची बोटं दिसायची. पेजेचं पाणी प्यायचे आणि झोपायचे, केस मूठमूठ गळले. आहारवाल्या बाई ओरडल्या, तो जास्त खायला घालून मारत होता, तू उपाशी ठेवून मारतेयस, फरक काय? आणि मला माझी निकिता आठवली. सात वर्षांची असताना तिनं भात टाकला म्हणून मी तिचं नाक दाबून घास भरवला होता, आणि थोबाडीत दिली होती. मी. बापाच्या ताटाची शितं वेचणारी. तिची माफी मागितली मी. ती म्हणाली, आई, मला तो घास अजून आठवतो.

आता अर्धी वाटी जेवते. रोज, वेळेवर, कमी नाही, जास्त नाही. बाजारात होडी म्हणत नाहीत आता, होडकुलं म्हणतात, म्हणू देत. परवा नवमी झाली. सासूनं शालनचं पान मांडलं आणि मी उठायच्या आत स्वतःच त्यावर बसली. विधवा बाई. मी म्हटलं, मांय, हे चालत नाही ना? म्हणाली, ह्या पान माझा. मीच तिका उपाशी ठेवलंय, मीच खातलंय. चार दात राहिलेत तिला, दोन तास लागले. सगळं खाल्लं. मी समोर माझी वाटी घेऊन बसले होते. ती मला एक वडा वाढायला गेली सवयीनं, आणि डाव अर्ध्यात थांबवून विचारलं, पुरे मां गो? मी म्हटलं, पुरे. तिनं डाव मागे घेतला. माझ्या उभ्या जन्मात असं पहिल्यांदा घडलं.

तुम्ही हे वाचाल, हळहळाल, त्याचा मला उपयोग नाही. माझं एक काम करा. जेवायला बसलेलं माणूस पुरे म्हणालं की डाव मागे घ्या, हे तर कराच. पण शेजारच्या घरात ताट आपटल्याचा आवाज आला ना, तर टीव्ही मोठा करू नका. काय बोलायचं, कसं विचारायचं, त्यांचं घरगुती आहे, यात वेळ घालवू नका. घरातली एक वाटी उचला, रिकामी, आणि जाऊन दार वाजवा. मीठ मागा. आणि मिळेपर्यंत उंबऱ्यावरून उठू नका.