धोट्याची सवय

तेजस्विनी : परत तेच! काका, तपासणीच्या पिशवीत निम्मा गॅस तसाच राहिलाय.

शालिग्राम : मी तं वढला, ताई.

तेजस्विनी : कुठे ओढलात? घोटभर घेतलात आणि थांबलात. गॅस जिथे पोचतो तेवढंच फुप्फुस फोटोत उजळतं. मघाशी डावं खालून काळं, आता दोन्ही काळी! माणूस एक, मशीन एक, मापं दोन. डॉक्टरांना कुठलं दाखवू?

मंगलाबाई : डॉक्टर म्हने, काळं आलं तं यायचं लूमवर कापड विननं बंद. तिकडं सुरतले बमरोलीचा लूमवाला शेठ काय घरी बसून पगार देईन यायले?

तेजस्विनी : म्हणून तर घसा फोडतेय ना, मावशी! चुकीच्या मापावर यांचं काम जायला नको.

शालिग्राम : त्या हवाले चव नही, वास नही. कुठं पोचली, माले काय समजस?

मंगलाबाई : थांबा ताई, आलं ध्यानात. हे धोटा वढी राह्यले!

तेजस्विनी : काय?

मंगलाबाई : लूमचा धोटा, आडवा दोरा इकडून तिकडं नेतो तो. त्याच्या भोकातून दोरा काढाले तोंड लावतात, सुर्रकन वढतात. दोरा आला का श्वास बंद, नही तं धूळ नरड्यात. जल्म गेला त्यात.

शालिग्राम : पिशवीची नळी तोंडात आली का आपोआप तसंच व्हस.

तेजस्विनी : अहो, मग सकाळीच बोलायचं ना! विसरा तो धोटा. आधी छाती रिकामी करा. मग पिशवी चपटी होईस्तोवर ओढा आणि मशीन थांबेपर्यंत धरून ठेवा.

मंगलाबाई : गावच्या विहिरीत बुडी माराची शे, असं समजा.

(मशीन खडखडतं, थांबतं. नवी पिशवी. पुन्हा खडखडतं, थांबतं.)

तेजस्विनी : शाब्बास! दोन्ही मापं जुळली. सुटले बाई एकदाची!

शालिग्राम : मंग काळं गेलं ना?

तेजस्विनी : उजवं छान उजळलंय, काका.

मंगलाबाई : आन् डावं?

तेजस्विनी : ते... डॉक्टर सांगतील, मावशी.

मंगलाबाई : माले दिसतंय ना समोर फोटोत. खाली काळंच शे.

तेजस्विनी : हो. दोन्ही वेळेला तेवढंच.

शालिग्राम : या टायमाले तं बराबर वढला ना मी?

तेजस्विनी : अगदी बरोबर ओढलात, काका.

मंगलाबाई : ताई, सकाळपासून चुकलं चुकलं म्हनत व्हत्या. आजून एकदा म्हना ना.