तीनशे तेरा नंबरचा रिपोर्ट

नाही जी बकाराम काकाजी, हॅकर-गिकर कोणी नाही घुसला — बसा ना, उभे काऊन? — तुमच्या रुचीचा सिकलसेलचा रिपोर्ट त्या नागरा गावच्या पाव्हण्यांच्या मोबाईलवर कसा गेला, मले काय माहीत? त्यांच्या थोरल्या पोराशी जमलेलं तिचं लग्न त्यांनी मोडलं, वाईटच झालं, पण मी काय करू? म्हणजे... सॉफ्टवेअर मीच लिवलं, हाव. पण चोरी नाही केली. पाहा, लॅबचं कॉम्प्युटर वेगळं, दवाखान्याचं वेगळं, एकाचं बोलणं दुसऱ्याले समजत नाही — त्या दोघांच्या मधात मी वेब सर्व्हिस बसवली. इकडं रक्त तपासलं का तिकडं डॉक्टरले रिपोर्ट दिसते. चांगलंच काम आहे ना जी? अन् दर वेळी टोकन दाखवा लागते, पासच समजा. पास नाही तं रिपोर्ट नाही.

फक्त — कोणाले सांगू नका बाप्पा, नोकरी जाईन माझी — दवाखान्याचं सॉफ्टवेअर एकदम पुरानं, त्याले टोकन पाठवताच येत नव्हतं. वरून साहेबाचा रोज फोन, चालू कर, चालू कर! म्हणून मी पास पाहाचंच बंद केलं. दोन दिवसांसाठी! मंग धानाची कापणी आली, मंग दुसरं काम आलं... चार महिने झाले. पण पाहते कोण? रिपोर्टच्या लिंकमधला शेवटचा नंबर बदलला तवाच पुढच्याचा रिपोर्ट उघडते — रक्ततपासणीच्या शिबिरात आमच्या रिंकूचा, माझ्या बहिणीचा, तीनशे बारा, तिच्या मांगं लाइनीत रुची उभी होती, तिचा तीनशे तेरा...

असे काय पाहून राहिले? मले नंबर कसा माहीत? अहो, दिसला असन कुठंतरी — बरं, पाहिला. आज सकाळी. भेव वाटलं म्हणून कोणी कोणता रिपोर्ट उघडला त्याच्या नोंदी पाहिल्या. आधी तीनशे बारा, मंग लगेच तीनशे तेरा, एकाच मोबाईलवरून. अन् ती लिंक... देवाशपथ काकाजी, मले अंदाजच नव्हता! त्याच नागऱ्यावाल्यांच्या धाकट्या पोरासाठी रिंकूची बोलणी चालू होती. त्यांनी रिपोर्ट मागितला. फोटो पाठवला असता तं काही झालं नसतं, पण मले मिरवाचं होतं — पाहा, आमच्या घरी बनलं हे — म्हणून लिंकच पाठवली. तुमच्या पोरीले तरी काय झालं? नुसती वाहक आहे, बिमार नाही ते. पण हे त्यांना सांगन कोण? मी? मी कोणत्या तोंडानं सांगू? शिव्या द्या, एक थापड मारा जी.

थांबा — गाडी वाजली. आलेच ते नागऱ्याचे पाव्हणे. उठा काकाजी, मागच्या दारानं निघा, पाया पडतो तुमच्या. रिंकूले पाहाले आले.

नाही जी. धाकट्यासाठी नाही. थोरल्यासाठी.