हात सोडवायचा राहिला

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी भाऊ-बहीण बसले होते. भावाच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता.

"दादा, इथेही काम?"

"कंपनीच्या फॉर्मवर बिघाड कळवतोय गं. डीबगर बंद केला आणि अख्खं मशीनच बसलं."

"डीबगर म्हणजे?"

"प्रोग्राम कुठे चुकतो ते बघायला त्याला धरून बसणारा दुसरा प्रोग्राम. पावलोपावली थांबवतो, विचारतो, मगच पुढे जाऊ देतो."

"म्हणजे बाबांना सांभाळणाऱ्या आपल्या मावशीच. हात धरून उठवायच्या, हात धरून बसवायच्या. गोळी घेतली का, चष्मा कुठाय, आज वार कुठला."

"फार कटकट करायच्या त्या."

"आणि तुझा डीबगर?"

"अडकला होता. जबरदस्तीनं मारला. खरं तर आधी त्याला प्रोग्रामचा हात सोडू द्यायचा असतो. मला घाई होती."

"मावशींनाही फोनवरच सांगितलंस, उद्यापासून येऊ नका. बाबा सकाळभर दारात उभे होते, दादा. पडले तेही दारातच."

"गप्प बस ना जरा."

"बरं. लिही तू."

"फॉर्ममध्ये विचारलंय, पुन्हा तसंच करून पाहिलं का."

"पाहिलंस?"

"तीनदा. तिन्ही वेळा मशीन बसलं. आणि तिन्ही वेळा पुन्हा सुरू झालं."

तेवढ्यात दार उघडून नर्स बाहेर आली.

"आजोबांचं कोण आहे? मावशी आल्या का, एवढंच विचारताहेत. बोलवा त्यांना लवकर."

"दादा, नंबर तुझ्याकडेच होता ना?"

"त्याच दिवशी पुसला गं मी."