डाव्या हाताची सुरी

धारवाल्याकडे कात्री घेऊन बसलेल्या शिंपीकाकांच्या कानावर पुढचं बोलणं आपसूकच पडलं.

"वहिनी, ही सुरी दादांच्या डाव्या हातासाठी मुद्दाम घडवलेली. धार एकाच बाजूनं आहे."

"ती बाजू बदला. उजव्या हाताची करा."

"अहो, एकदा घासली की दादांना पुन्हा चालायची नाही! बरे होऊन खानावळीत येतीलच की."

"डॉक्टर म्हणाले, अर्धांगानं गेलेला हात आता उठायचा नाही. खानावळ मलाच चालवायचीय."

"दादांना विचारलंत?"

"तेच रोज विचारतात, माझ्या सुरीला धार लावून आणलीस का म्हणून."

"मग?"

"आणते म्हणते. घासा भाऊजी, माझ्यादेखत घासा. अशीच परत नेली, तर पुन्हा आणायचा धीर व्हायचा नाही."