हॉलिस पडला आणि टाळ्या वाजल्या, त्याबाबत

शेरीफ कचेरी, टॅनर काउंटी, विस्कॉन्सिन. मंगळवार, सकाळी.

मी, लोवेल टिडमान, वय ५३ वर्षे, धंदा फरशा व गालिचे विक्री, राहणार दुकानाच्या वरचा मजला, मिल स्ट्रीट, ऑल्डेन. डेप्युटी मारिसोल एस्किवेल यांनी समोर बसवून विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. गेली अकरा वर्षे मी आमच्या भागातील मध्ययुगीन मंडळाचा सभासद आहे. मंडळात माझे नाव 'सर ऑस्रिक, उत्तरेचा कावळा' असे आहे. हे नाव जबाबात घेण्याचे कारण नाही, असे डेप्युटींचे म्हणणे पडले. मी आग्रह धरला. आता कागदावर पाहून कारण नव्हते असे मलाही वाटते, परंतु खोडाखोड नको म्हणून राहू द्यावे.

सदर मंडळाचा मेळावा दर वर्षी सप्टेंबरात जत्रेच्या मैदानावर शनिवार-रविवार भरतो. लोक तंबू ठोकतात, अंगरखे घालतात आणि दोन दिवस सातशे वर्षांपूर्वी जन्मल्यासारखे वागतात. गाड्या गुरांच्या गोठ्यामागे लावायच्या असतात, म्हणजे नजरेस पडत नाहीत. मैदानाच्या एका अंगाला विणकाम, पाव, चामड्याचे काम यांच्या स्पर्धा असतात आणि दुसऱ्या अंगाला दोर बांधून केलेल्या रिंगणात लढती होतात. चिलखत खरे लोखंडी असते. तलवार वेताची असते व तिला राखाडी चिकटपट्टी गुंडाळलेली असते. ती डोक्याला किंवा छातीला जोरात बसली की माणूस मेला असे धरतात. बसली की नाही हे पंच ठरवत नाही. ज्याला बसली तोच सांगतो. तो 'चांगला' म्हणाला तर तो मेला, 'हलका' म्हणाला तर लढत पुढे चालू. यात लबाडी करणे अगदी सोपे आहे. तरी कोणी करत नाही.

हॉलिस व्हॅन्डरमीर, वय ६१, निवृत्त पोस्टमन, यांना मी ओळखतो. माझी बायको मला सोडून गेली त्या साली आमच्या रस्त्यावर टपाल तेच टाकत. कोर्टाचा लखोटा त्यांनीच आणला. सही घेऊन ते पुढच्या घराकडे निघाले नाहीत, मी लखोटा फोडेपर्यंत पायरीवर उभे राहिले. मग म्हणाले, "शनिवारी काय करतोस?" मी म्हणालो, "काही नाही." त्या शनिवारी त्यांनी माझ्या डोक्यात शिरस्त्राण घातले आणि त्यावर काठी हाणली. तेव्हापासून आमची मैत्री आहे. यापुढे त्यांना मी हॉलिस असेच म्हणेन, कारण 'ते' म्हटलेले कळले तर तो हसेल.

या अकरा वर्षांत मी हॉलिसला एकदाही हरवलेले नाही. माझे वार त्याच्यापर्यंत पोचत, पण दर वेळी आतून आवाज येई, "हलका, लेका, हलका." दुसऱ्या कोणी कधीमधी त्याला हरवले, तर ते पाहायला पाव भाजणाऱ्या बायासुद्धा चुली सोडून येत. कारण हॉलिस फार सुंदर मरतो. आधी गुडघ्यावर येतो, मग ढालीला टेकतो, राजाला आणि बायकोला निरोप देतो, लोकांकडे तोंड करून उताणा पडतो आणि सगळे संपले असे वाटले की एक पाय उचलून झाडतो. मुलांना तो पाय फार आवडतो.

यंदा अंतिम लढत त्याची आणि माझी लागली. रविवारी सकाळी मी त्याच्या तंबूत गेलो. त्याची बायको कोरिन हिने ओटची लापशी व सॉसेज केले होते. हॉलिसने वाटीला हात लावला नाही. तो जबडा चोळत बसला होता. मी म्हणालो, "काय रे, भ्यालास?"

तो म्हणाला, "तुझ्या हातून मरायचं म्हणजे पोट रिकामं हवं. हसून हसून उलटी होईल."

नंतर त्याने मला डाव्या खांद्याचा पट्टा आवळायला सांगितला. हात अवघडलाय, वर जात नाही, म्हणाला. मी पट्टा आवळला. जोरात आवळला. त्यावर विचार केला नाही. माझ्या दुकानाच्या भिंतीवर हृदयविकाराची लक्षणे सांगणारे पत्रक लावलेले आहे. ते मी स्वतः लावले आहे.

दुपारी लढत सुरू झाली. प्रेक्षक बरेच होते. हॉलिस सुरुवातीपासून मंद होता. मला वाटले, मी चपळ झालो आहे. काही वारांनंतर त्याची ढाल खाली आली. मी उजव्या बाजूने डोक्यावर वार केला. हॉलिस सरळ तोंडावर पडला.

गुडघे नाहीत, निरोप नाही, पाय नाही. आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडळप्रमुख गस प्रुइट, हे हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवतात आणि मंडळात बॅरन, म्हणजे सरदार, आहेत, ते माझ्या शेजारी उभे होते. ते मोठ्याने म्हणाले, "वा! काय संयम! यंदा नवीनच काढलंय यानं!" मला मात्र वाटले की माझा वारच असा बसला की त्याला शेवटचे शब्द काढायला सवड मिळाली नाही.

त्यानंतर मी काय केले हे डेप्युटी पुन्हा विचारत आहेत. मी तलवार वर करून रिंगणाला फेरी मारली. मग दुसरी मारली. गोठ्याच्या बाजूला लोक कमी होते तरी तिकडेही वाकून नमस्कार केला. मग एक भाषण केले. ते मी काही वर्षांपूर्वी तयार करून ठेवले होते आणि दुकानात गालिच्यांच्या गुंडाळ्यांसमोर म्हणून पाहिले होते. त्यात पराभूताच्या शौर्याबद्दल एक परिच्छेद आहे. तो मी पूर्ण म्हटला. हे सर्व होईपर्यंत हॉलिस चिखलात पडून होता.

भाषण चालू असताना विणकामाच्या मांडवातून कोरिन धावत आली. तिने आडवे आलेले एक बाक ढकलून दिले. ती ओरडत होती, "तो असा मरत नाही! गाढवांनो, तो पालथा कधीच मरत नाही!"

तिने आणि गसने त्याला उताणे केले. शिरस्त्राण काढल्यावर त्याचा रंग दिसला. तो रंग मी सांगू इच्छित नाही. गसने छाती दाबायला सुरुवात केली, पण चिलखत मध्ये येत होते. कोरिनने मला पट्टे सोडायला सांगितले. माझ्या दोन्ही हातांत लोखंडी पंजे, म्हणजे चिलखताचे हातमोजे, होते, ते मनगटाला चिकटपट्टीने बांधलेले होते आणि उजव्यात तलवारही अडकलेली होती. मी खेकड्यासारखा त्या बकलांशी खेळत राहिलो. कोरिन म्हणाली, "सरक!" आणि तिने चामड्याच्या स्पर्धेच्या टेबलावरची सुरी आणून पट्टे कापले. मी सकाळी आवळलेला सर्वांत शेवटी तुटला. जत्रेच्या कचेरीच्या भिंतीवर हृदयाला झटका देण्याचे यंत्र होते, ते कोणीतरी आणले. दुसऱ्या झटक्याला हॉलिसने श्वास घेतला. मी हे जवळून पाहिले, कारण मला दुसरे काही करता येत नव्हते.

शेरीफच्या गाड्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या आधी पोचल्या. फोन मेळावा पाहायला आलेल्या एका बाईने केला होता. 'एकाने तलवारीने माणूस पाडलाय आणि आता तो नाचतोय,' असे तिने कळवले, हे मला येथे वाचून दाखवण्यात आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. डेप्युटी एस्किवेल यांनी पिस्तूल रोखून मला शस्त्र टाकण्याचा हुकूम दिला. तो मी मानला नाही असा माझ्यावर ठपका आहे. खुलासा असा की मी ते टाकण्याचा प्रयत्न करीत होतो. हात झटकल्यामुळे तलवार गरगर फिरली व त्याचा गैरसमज झाला. शिवाय घाबरल्यावर माझ्या तोंडून मंडळातील भाषा निघाली. मी म्हणालो, "हे कुलीन स्त्रिये, मजवर कृपादृष्टी असावी!"

डेप्युटी म्हणाल्या, "खाली झोपा, साहेब. आत्ताच्या आत्ता."

मी झोपलो. पंज्यांवर बेड्या बसेनात, म्हणून चिकटपट्टी त्यांनी कापली. तोवर अ‍ॅम्ब्युलन्स गेली होती.

मला सोडल्यावर मी पायातल्या लोखंडी पत्र्यांसकट हॉस्पिटलात गेलो. कोरिन बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर तिने स्वतः विणलेला एक कमरपट्टा होता, लाल-निळा. विणकामात त्याला पहिले बक्षीस मिळाले होते आणि मेळाव्याच्या रिवाजाप्रमाणे तोच लढतीच्या विजेत्याला द्यायचा होता. ती त्याची एक कड उसवत होती. मी शेजारी बसलो.  संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितले की रक्तवाहिनी मोकळी केली आहे, रात्र निघाली तर आशा आहे.

थोड्या वेळाने गस आले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "निकालाचं काय करायचं? हॉलिसनं काही सांगितलंच नाही. ज्याला बसला त्यानं सांगायला हवं."

मी म्हणालो, "गस, ही वेळ आहे का?" ते वरमले. ते दारापर्यंत गेल्यावर मी त्यांना हाक मारून विचारले की, तो शुद्धीवर आल्यावर सांगितले तर चालते का. हे मी विचारले. नाकारत नाही.

सोमवारी दुपारी मला दोन मिनिटांसाठी आत सोडले. हॉलिसला बोलताना धाप लागत होती. मी तब्येत विचारली. हवा चांगली आहे म्हणालो. खिडकीची तारीफ केली. कोरिन म्हणाली, "अरे विचारून टाक एकदाचं. त्या तोंडाकडे बघवत नाही."

मी म्हणालो, "मला काही विचारायचं नाहीये."

हॉलिस माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चांगला होता, लेका."

मी काय बोललो ते आठवत नाही. मी बाहेर जाऊन खाऊच्या यंत्रासमोर उभा राहिलो आणि मला अतिशय आनंद झाला. आत माझा मित्र नळ्या लावून पडलेला असताना मी काचेत माझे प्रतिबिंब पाहत होतो.

आज येथे आल्यावर डेप्युटींनी मला हॉलिसचा जबाब वाचून दाखवला. तो त्यांनी काल सकाळीच हॉस्पिटलात घेतला होता. त्यात हॉलिस म्हणतो की लोवेलची तलवार मला लागलीच नाही, ती पोचण्याआधीच मी पडलो होतो, सबब त्याचा काही दोष नाही. डेप्युटी म्हणाल्या, "डॉक्टरही म्हणतात आजार आधीचाच होता. तुम्ही एवढंच सांगा की वार लागला नाही. सही करा आणि घरी जा."

मी पाणी मागितले. ते मिळाले.

खरे असे आहे की वार लागला. शिरस्त्राणाच्या उजव्या बाजूला लागला, मनगटात कळला. म्हणजे हॉलिस डेप्युटींशी खोटे बोलला. पण लागण्याआधी त्याची ढाल खाली आलेली होती, आणि हॉलिसची ढाल अकरा वर्षांत कधी खाली आली नाही. ती कंटाळून किंवा चुकून आलेली नव्हती. हात सुटावा तशी आली. शिरस्त्राणाच्या जाळीतून मला त्याचे डोळे दिसले. ते माझ्याकडे पाहत नव्हते. एवढे सगळे मला दिसले, आणि मी थांबून 'काय झाले' असे विचारण्याऐवजी वार केला, कारण जागा मोकळी होती. लढणे थांबलेल्या माणसावर केलेला वार आमच्यात धरत नाहीत. म्हणजे तो चांगला नव्हता. तेव्हा हॉलिस माझ्याशीही खोटे बोलला. वाराच्या बाबतीत तो खोटे बोलल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

डेप्युटींनी लेखणी खाली ठेवली. म्हणाल्या, "साहेब, हे लिहिलं तर मला डॉक्टरांकडे परत जावं लागेल. नाही लिहिलं तर विषय इथंच मिटतो. तुम्हाला कळतंय ना?"

मी म्हणालो, "लिहा." त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले की त्या वाराने हृदयाला काही झालेले नाही, टेंगूळसुद्धा आले नाही. एवढ्या वर्षांच्या सरावानंतर हे ऐकणे जड गेले, पण तेही लिहावे.

नंतर मी येथूनच गस प्रुइट यांना फोन करून निकाल रद्द करायला सांगितला. मग कोरिनला फोन करून ढालीचे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "त्याला माहीत आहे. तरीही तसं म्हणाला." मी हॉलिसची तब्येत विचारली. ती म्हणाली, "डॉक्टरांनी चिलखत कायमचं बंद केलंय." म्हणजे मी हॉलिसला हरवले नाही, आणि आता हरवणेही नाही.

मागून हॉलिसचा आवाज आला. तो विचारत होता, "मग शनिवारी काय करायचं म्हणावं त्याला?"

कोरिन फोनवर म्हणाली, "दोघांना पट्टे विणायला शिकवते. हातमाग लहान आहे, खाटेवरही चालतो. आज दुपारीच ये आणि तुझी लोकर तू आण. पुढच्या वर्षी नवशिक्यांच्या स्पर्धेत दोघांची नावं घालते."

मी विचारले की तो पण आजच सुरू करणार आहे का.

ती म्हणाली, "त्यानं सकाळीच सुरू केलंय. चार बोटं विणून झालंय."

लोकरीचे दुकान दुपारी जेवणाला बंद होते, त्याआधी मला तेथे पोचायचे आहे. माझ्याजवळ आणखी सांगण्यासारखे काही नाही, आणि असले तरी ते उद्या सांगेन.

वरील मजकूर डेप्युटी एस्किवेल यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. भाषणाच्या ठिकाणी त्या थांबल्या, मी पुढे वाचा म्हणालो. मी सांगितले तसेच लिहिले आहे, ते खरे आहे, म्हणून सही करतो.

लोवेल टिडमान