हंसाची मान

भाची : आत्या, ही हंसाची मान आहे की काटेरी तार? स्क्रीनवर केवढे पॉइंट टाकलेस.

आत्या : पाटी रंगवताना जिथं ब्रश टेकवून श्वास घ्यायचे, तिथं तिथं टाकलेत.

भाची : इथं श्वास घ्यायचा नसतो. प्रत्येक पॉइंटपाशी रेघ अडखळतेय, म्हणून मानेला गाठी आल्यात. आणि हे बघ, एकावर एक दोन.

आत्या : बोट थरथरलं, दोनदा दाबलं गेलं. तुझ्या बापाला सांगू नकोस.

भाची : नाही सांगत. पण पूस ते. मानेच्या बुडाशी एक, डोक्यापाशी एक आणि वळण उलटं फिरतं तिथं एक, एवढेच ठेव.

आत्या : आणि मान मोडली तर?

भाची : मोडली तर मागं जाता येतं. पूस तू.

आत्या : ही बघ. हंसाची काठी झाली.

भाची : आता हा मधला पॉइंट धर. दोन्हीकडे दांड्या फुटल्या ना? एक ओढ. लांब ओढलीस की वळण फुगतं, आखडलीस की बसतं.

आत्या : अगं, एकीकडं ओढली की पलीकडची पण हलते. नवराबायकोच म्हणायची ही.

दादा : (आत येत, बहिणीला) गादीवाला निघालाय. चिमे, ऊठ आता. मी नेटवरून एक हंस उतरवून ठेवलाय, तोच दाखवू.

आत्या : पाहिला मी. हंस कसला, इस्त्री केलेलं बदक आहे ते.

दादा : कोणाला कळतंय?

आत्या : गादीवाल्याला. त्याच्या दुकानाची जुनी पाटी उन्हानं विटली, तर मी काढलेला हंसच पुन्हा हवा म्हणून आलाय तो. नेट काय, त्याच्या घरीही आहे.

दादा : शाळेची पाटी परत आली ते विसरलीस? मुख्याध्यापक विचारत होते, धावत्या बसमध्ये रंगवलीत का म्हणून. मला ऐकून बरं वाटलं असेल? उगीच नाही सांगत. सोमवारपासून काउंटरवर बस. फोन घे, गिऱ्हाईक बघ.

आत्या : काउंटरवर तूच बस. गप्पा तुला मारता येतात.

दादा : हात बघ स्वतःचा.

आत्या : रोज बघते. चहाचा कप उचलतानाही बघते. पण दादा, ब्रश हलला की रंग लागून जायचा, तो परत घेता येत नव्हता. इथं हात हलू दे हवा तेवढा. मी माऊस सोडून देते आणि बाणाच्या बटणानं दांडी केसभर सरकवते. ही अशी.

भाची : हे मी कुठं शिकवलं तुला?

आत्या : तू जेवायला गेलीस तेव्हा सगळी बटणं दाबून पाहिली.

दादा : आणि मशीन बिघडलं असतं म्हणजे?

आत्या : बिघडलं असतं. तू काय कमी बिघडवलीस?

भाची : हे मात्र खरंय, बाबा.

दादा : तू मध्ये पडू नकोस. ...मान जरा जाड नाही वाटत?

आत्या : वाटते. आतली कड अजून ओढायचीय. सरक, उजेड अडवतोयस.

दादा : आणि नाहीच जमली तर?

आत्या : तर जमली नाही असं मी सांगेन त्याला. माझ्या तोंडानं. तू माझ्या वतीनं आधीच सांगायचं नाहीस. आणि सोमवारी मी याच खुर्चीत असेन, काउंटरवर कोणाला बसवायचं ते तू बघ.

भाची : बाबा, खाली गाडी थांबली. तोच असणार.

दादा : ...या, या. बसा साहेब. नाही, तयार नाही अजून. थोडं थांबावं लागेल. हंस माझी बहीण काढतेय, आणि मध्येच कोणी बोललेलं तिला चालत नाही.